तांब्याची तार

कुटाराचा वास आला की मला इंजिन ऑइलचा वास येतो. दुसऱ्या कुणाला येत नाही, हे मी विचारून पाहिलेलं आहे. दसऱ्याच्या आगेमागे शेलूबाजारच्या चारी बाजूंनी मळणीयंत्रं धडधडायला लागतात आणि सोयाबीनचं पिवळट कुटार, म्हणजे भुसा, हवेत उडतं. पलंगाच्या चादरीत, दुधाच्या पातेल्यावरच्या झाकणावर, चष्म्याच्या काचेवर, तपासायला आणलेल्या वह्यांमध्ये, कुठंही सापडतं. मान खाजते, नाक गळतं. लोक मात्र खुशीत असतात. यंदा कुटार बारीक पडलं, ढोरं आवडीनं खातील म्हणतात. मी दार लावतो, खिडकी लावतो, आणि तरीही तो वास आत येतो. नव्या तेलाचा. मधाच्या रंगाच्या, अजून न जळलेल्या, किंचित गोडसर तेलाचा. अकरा हंगाम झाले. हा बारावा. वैताग आला आहे.

या दिवसांत वैतागायला दुसरंही कारण असतं. सोयाबीन बाजारात गेलं की गावात नव्या गाड्या येतात. पूर्वीच्या गाड्या कशा, बघितल्या की कळायचं, या बसायला आहेत. गोल दिवा, लांब सीट, मागं कॅरिअर, दोन्ही बाजूंना दुधाच्या कॅना. आताच्या समोरून पाहाव्यात तर डोळे बारीक करून रागावलेल्या टोळासारख्या. हँडल खाली, पाय मागं, चालवणारा टाकीवर पालथा. मागची सीट ताटलीएवढी आणि इतकी उंच की मागं बसलेला पुढच्याच्या डोक्यावरून रस्ता पाहतो. अंगभर प्लास्टिकचं चिलखत. त्याला फेअरिंग म्हणतात, ते वारा कापायला असतं. आमच्या चौकात जीप, म्हशी आणि ऊस घेऊन जाणारा ट्रॅक्टर यांच्यामधून ताशी वीसच्या वेगानं जाताना कोणता वारा कापायचा असतो, ते एकदा कुणीतरी मला सांगावं. त्या फेअरिंगला हवा आत घ्यायला भोकं ठेवलेली असतात. बोट घालून पाहिलं तर निम्मी आतून बंद. आणि एवढा थाट करून झाल्यावर मागच्या चाकाला कायद्यानं लावलेली साडीची जाळी, म्हणजे शर्यतीच्या घोड्याला पोळ्याची झूल. बियाण्याची बॅग ठेवायला जागा नाही. डबल स्टँड नाही.

डबल स्टँड नाही, हे लक्षात असू द्या. माझं सगळं तिथंच अडलं.

आणखी एक. गावाजवळून समृद्धी महामार्ग गेला. काचेसारखा रस्ता. अशा गाड्या ज्या रस्त्यावर शोभल्या असत्या, त्या एकाच रस्त्यावर दुचाकीला बंदी आहे. उरलेल्या सगळ्या रस्त्यांवर खड्डे आहेत आणि तिथं त्यांना मोकळीक आहे. आता यावर काय बोलायचं?

माझी मुलगी मुक्ता बोलते. ती एकोणीस वर्षांची आहे, वाशीमला मेकॅनिकल डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला. गेल्या महिन्यापासून तिनं घरात जुन्या, दोन सिलिंडरच्या एका स्पोर्ट बाइकचा विषय काढला आहे. जेवताना काढते, पोळ्या लाटताना काढते, मी वर्तमानपत्र उघडलं की हमखास काढते. सिंगल सिलिंडर म्हणजे एकटा माणूस पायडल मारून राह्यला, ट्विन म्हणजे दोघं, असं तिनं तिच्या आईला समजावलं. दोघं एकदम मारतात का, आईनं विचारलं. तर नाही. काही इंजिनांत दोन्ही पिस्टन सोबत वर येतात, काहींत एक वर असताना दुसरा खाली असतो, आणि काही नव्या इंजिनांत क्रँक मुद्दाम वाकडा घडवतात, म्हणजे ठोके सारख्या अंतरानं पडत नाहीत, लंगडी घातल्यासारखा आवाज येतो आणि मागचं चाक रस्ता चांगला धरतं. मग चार सिलिंडरची गाडी, चारही रांगेत. रुंद, गुळगुळीत, वरच्या वेगात किंचाळणारी. मग इंग्रजी व्हीसारखी फाकलेली. बायको म्हणाली, "मुक्ते, पोळी करपून राह्यली."

मी ऐकत होतो आणि गप्प होतो. घरात मी गप्प असतो, हे सगळ्यांना सवयीचं आहे. मी इथल्या शाळेत विज्ञान शिकवतो, तिथं बोलावं लागतं तेवढं बोलतो. पण मुक्ता जे सांगत होती ते शब्दन् शब्द मला पाठ आहे. अकोल्याच्या स्टँडवरून मी गाड्यांची मासिकं आणायचो. बोअर, स्ट्रोक, कॉम्प्रेशन. आखूड स्ट्रोकच्या इंजिनाला वर पळायला का आवडतं आणि आपल्या दूधवाल्याच्या गाडीला का आवडत नाही, यावर मी अर्धा तास बोलू शकत होतो. बोललेलो आहे. आमच्याच अंगणात, वीस माणसांसमोर. त्यानंतर मासिकं बंद केली.

मुक्तानं तेवढ्यात सांगून टाकलं की ती युनूस मिस्त्रीकडं जाऊन आली. युनूसभाईंचं गॅरेज हायवेवर, खताच्या दुकानाशेजारी. गाडी घेतली तर देखभाल कोण करणार, म्हणून विचारायला गेली होती. त्यांनी सांगितलं, बडी गाडी मी हातात घेत नाही, अकोल्याला ने. मग मुक्ता सहज, पोळी उलटवता उलटवता म्हणाली, "घाबरतेत ते. काकाच्या गाडीचा बोल्ट त्यायनंच ढिला ठेवला होता ना."

तिनं ते वाक्य माझ्याकडून ऐकलेलं नाही. मी ते कधीच उच्चारलेलं नाही. तिनं ते काकाकडून, आत्याकडून, लग्नाच्या मांडवात, गावात ऐकलेलं आहे. मी फक्त ते कधी खोडलं नाही. आणि आता ते माझ्या पोरीच्या तोंडात, माझ्या स्वयंपाकघरात, गरम पोळीसारखं फुगून वर आलं होतं.

गजानन माझा धाकटा भाऊ. पुण्याकडं कारखान्यात होता, मशीनच्या लाइनवर. त्या वर्षी दसऱ्याच्या सुटीत तो स्वतःची गाडी चालवत गावी आला. हिरवी, दोन सिलिंडरची, पाणी फिरवून इंजिन गार ठेवणारी, पूर्ण फेअरिंगची. दिव्यावर चार जिल्ह्यांतले किडे चिकटलेले. अंगणात गाडी उभी राहिली आणि सोंगणीची माणसं विळे हातात घेऊन बघायला आली. गजानन आंघोळीला गेला आणि मग मी बोलायला लागलो. माझ्या आयुष्यात मी इतका वेळ कधी बोललो नसेन. हा रेडिएटर. हा मोनोशॉक. हे पुढचं चाक इतकं जवळ का, वळण पटकन घेता यावं म्हणून. हा काटा तेरा हजारांपर्यंत जातो, म्हणजे मिनिटाला क्रँकचे तेरा हजार फेरे. एक म्हातारा म्हणाला, "मंग थकत नसन का ते?" सगळे हसले, मीही हसलो.

युनूसभाई बातमी ऐकून स्वतःहून आले. हात पुसत पुसत. गाडीला लगेच हात लावला नाही. गजाननला म्हणाले, चालू कर. डोळे मिटून ऐकलं. मग म्हणाले, "दोघं भाऊ भांडून राह्यले, पन घर एकच आहे." त्या इंजिनाच्या आवाजाचं याहून नेमकं वर्णन मी कोणत्याही मासिकात वाचलं नव्हतं, आणि मला ते आवडलं नाही. मी इतका वेळ बोललो होतो आणि लोकांनी मान डोलावली ती त्यांच्या एका वाक्याला.

पुण्याहून इतकी चालवून आणली म्हणून तेल बदलायचं ठरलं. युनूसभाईंनी ते आमच्या अंगणातच बदललं. पेपर अंथरला, त्यावर फेअरिंगचे स्क्रू ज्या जागेवरून निघाले त्या जागेप्रमाणे मांडले, जणू जमिनीवर दुसरी गाडी काढली. तालुक्यात त्यांच्याशिवाय ट्विन उघडणारा कुणी नव्हता, आणि त्यांनाही ही पहिलीच. चेहरा असा होता की घरात पाहुणा नव्हे, नातू आलाय. काम झाल्यावर ते काहीतरी सांगत होते, गाडीच्या उजव्या बाजूच्या छोट्या काचेकडं बोट दाखवून. तेल किती आहे ते त्या काचेतून दिसतं. ते सांगत होते तेव्हा मी बोलत होतो. मला वाटतं, पिस्टनच्या वेगाबद्दल.

आमच्याकडं गाडीचं काही पाहायचं म्हणजे आधी ती डबल स्टँडवर चढवायची. लहानपणापासूनची सवय. तेल पाहा, चेन पाहा, हवा पाहा, आधी डबल स्टँड. या गाडीला तो नव्हताच. वजन वाचवायला आणि वळताना खाली घासू नये म्हणून असल्या गाड्यांना तो देत नाहीत. हेसुद्धा मीच आदल्या दिवशी लोकांना सांगितलं होतं. ती साइड स्टँडवर डावीकडं कलून उभी होती. सकाळी चहाचा कप घेऊन मी तिच्यापुढं उकिडवा बसलो आणि काचेत पाहिलं. काच कोरडी.

तेल डावीकडं गेलं होतं. गाडी कललेली, तेल कललेलं, काच उजवीकडं. सातवीच्या पोराला विचारलं तर सांगेल, पाणी आपली पातळी धरतं. मी तो धडा दरवर्षी शिकवतो. पण त्या सकाळी माझ्या डोक्यात तो धडा आला नाही. डोक्यात आलं ते असं की युनूसभाईंच्या हाताला लिटरभर तेलाच्या गाड्यांची सवय, या इंजिनाला दोन लिटरहून जास्त लागतं, त्याला काय ठाऊक. त्यानं लिटरच टाकलं. कॅनमध्ये तेल उरलेलं होतं, ते मी सगळं ओतलं. खरं सांगायचं तर मला बरंही वाटलं.

मग गजानननं गाडी सावलीत घेण्यासाठी सरळ उभी केली आणि माझं लक्ष काचेकडं गेलं. काच वरपर्यंत भरलेली. गजानन पुन्हा स्टँड लावून जेवायला आत गेला.

तेव्हा मी त्याला हाक मारून सांगायला हवं होतं. दादा चुकला, एवढंच. पण आदल्या दिवशी वीस माणसांसमोर तेरा हजार फेरे फिरवलेल्या माणसाला ते सांगवलं नाही. मी पाना घेतला, घमेलं घेतलं, गाडीखाली आडवा झालो. फेअरिंगच्या तळाला हात जाईल एवढी फट असते, तिच्यातून तेल सोडायचा बोल्ट ढिला केला. तेल आलं ते मनगटावरून कोपरापर्यंत आलं. स्वच्छ, मधाच्या रंगाचं. अंदाजानं सोडलं, बोल्ट बोटानं फिरवून बसवला, पान्यानं दोन आटे दिले. त्या फटीत पाना पुरता फिरत नव्हता. तेवढ्यात वावरातून निरोप आला, मळणीयंत्र आलं, ताडपत्र्या कुठं आहेत सर, आभाळ भरून आलंय. मी उठलो. खाली सांडलेल्या तेलावर दोन ओंजळी कुटार टाकलं, पायानं पसरलं. येऊन कसतो, म्हणालो. स्वतःशीच.

मुक्ता तेव्हा आठ वर्षांची. गजानन जवळच्या मालेगावला निघाला होता आणि काकासोबत जाते म्हणून ती रडत होती. बायकोनं त्या उंच, ताटलीएवढ्या सीटकडं पाहिलं आणि ठाम सांगितलं, पोरगी यावर बसणार नाही. त्या सीटला मी या लेखात नावं ठेवली आहेत, पण त्या एका गोष्टीसाठी तिच्यापुढं हात जोडतो.

मी मळणीयंत्राजवळ उभा होतो. धडधडीतूनही रस्त्यावरून जाणारा तो आवाज कानावर आला. दोन भाऊ, एक घर. किती गोड, असं वाटलं आणि त्याच क्षणी बोल्ट आठवला. फोन माझ्या खिशात होता. मी तो काढलासुद्धा. मग वाटलं, चालवताना त्याला ऐकू येणार नाही. मग वाटलं, दोन आटे बसलेत, टिकेल. मग वाटलं, फोन केला तर काय सांगायचं? फोन पुन्हा खिशात गेला. ही गोष्ट मी या हंगामापर्यंत कुणालाही सांगितली नव्हती. युनूसभाईंना नाही, बायकोला नाही, कुठल्या देवालाही नाही.

मालेगाव रोडच्या वळणावर अर्ध्या डांबरावर कुणीतरी सोयाबीन वाळत घातलं होतं. गजानन तिथंच घसरला. लोकांनी आधी दाण्यांवर खापर फोडलं आणि मी मनातल्या मनात त्या दाण्यांना धरून बसलो. दाणेच. गोल, टणक, चाक घसरणारच. पण दाणे रस्त्याच्या पलीकडच्या बाजूला होते, आणि या बाजूला तेलाची एक रेघ होती. ती मागं मागं, पार आमच्या अंगणापर्यंत जात होती. मागचं चाक तेलानं न्हालेलं. गाडीखाली पाहिलं तर बोल्टाच्या जागी भोक.

युनूसभाई धावत आले होते. ते रस्त्यावर पालथे झाले, त्या भोकाकडं पाहत राहिले, बोट घालून आटे चाचपले. मग उठून उभे राहिले आणि कुणी काही विचारायच्या आधी म्हणाले, "माह्याकूनच राह्यला असन."

मी त्यांच्यापासून दोन हातांवर उभा होतो. माझ्या नखांत तेल होतं. हात मी खिशात घातले.

गजाननच्या गुडघ्यात सळई पडली. गुडघा आजही पुरता वाकत नाही. पंगतीत त्याला खुर्ची लागते. कारखान्यात लाइनवरून त्याला स्टोअरच्या टेबलावर बसवलं, आणि गाडी त्यानं पुन्हा कधी चालवली नाही. पण त्याची जीभ शाबूत राहिली. जिथं चार माणसं जमतील तिथं तो युनूस मिस्त्रीचं नाव घ्यायचा. एक बोल्ट कसता येत नाही आणि मिस्त्री म्हणवते. मी शेजारी बसून वरण ओरपत असायचो.

आणि युनूसभाईंनी तार बांधायला सुरुवात केली.

इथं विहिरीवरच्या मोटारी जळतात, दर उन्हाळ्यात जळतात. त्यांच्या वाइंडिंगची तांब्याची तार गॅरेजात एका खिळ्यावर लटकलेली असते. तेल बदललं की युनूसभाई बोल्टाच्या डोक्याला बारीक भोक पाडतात, त्यातून तार ओवतात, पीळ देतात आणि दुसरं टोक इंजिनाच्या सांगाड्याला घट्ट बांधतात. बोल्ट ढिला झाला तरी फिरून निघणार नाही. पहिल्या वर्षी लोकांनी फार पिडलं. युनूसभाई, भाभीलेही तार बांधली का, पळून जाईन म्हणून? ते हसायचे आणि पीळ द्यायचे. आता आमच्या पंचक्रोशीत क्वचितच एखादी गाडी असेल जिच्या पोटाखाली ती तार नाही. दूधवाल्याची, पोस्टमनची, मानोऱ्याच्या तांड्यांवरून येणाऱ्यांची. माझीही. दर सर्व्हिसिंगला मी शेजारी उभा राहायचो, ते आडवे होऊन माझ्या गाडीला तार बांधायचे, आणि मी आभाळाकडं पाहायचो. सांगा, अकरा वर्षं आभाळात काय पाहावं माणसानं?

मुक्तानं ती तार पहिल्यांदा नीट पाहिली तेव्हा नाचतच घरी आली. "पप्पा, हे लॉकवायर आहे. रेसच्या गाड्यायले बांधतात, बोल्ट ट्रॅकवर पडू नाही म्हणून. यायले कोनं शिकवलं?" मी म्हणालो, असेल, सुचलं असेल. ती म्हणाली, माणूस जिनिअस आहे. मी उठून बाहेर गेलो. शिकवलं कुणी ते मला ठाऊक होतं.

पोळीच्या त्या वाक्यानंतर दोन दिवस काढले. तिसऱ्या दिवशी, रविवारी दुपारी, गॅरेजात गेलो. हायवेवरून कुटाराचे ट्रॅक्टर जात होते आणि सगळ्या सुट्या भागांवर पिवळी धूळ बसत होती. युनूसभाई एकटेच होते. दाढी पांढरी झालीय. स्टुलावर बसून बोल्टाला भोक पाडत होते. मी उभ्यानंच सगळं सांगितलं. काच, कॅन, पाना, दोन आटे, कुटार. वर्गात धडा सांगावा तसं ओळीनं सांगितलं, कारण मध्ये थांबलो असतो तर परत फिरलो असतो. फोनचं मात्र तिथंही सांगवलं नाही.

ड्रिल बंद झालं होतं. त्यांनी पहिल्यांदा विचारलं ते हे:

"साइड स्टँडवर पाह्यलं? काच?"

मी हो म्हणालो.

"सर, तुमी सायन्स शिकवता ना?" ते इतके वैतागले होते की स्टुलावरून उठले. "मी सांगतलं होतं तुमाले. बोट दाखवून सांगतलं होतं, गाडी सीधी धरून पाहा. तुमी लोकायले भाषण देऊन राह्यले होते."

शिव्या दिल्या असत्या तर सोपं गेलं असतं. ते पुन्हा बसले. त्यांनी उजवा हात मांडीवर उताणा ठेवला आणि त्याच्याकडं पाहत राहिले. मग हळू आवाजात म्हणाले, "अकरा साल या हाताले इचारून राह्यलो, कसला होता का नाही. मले आठवे, कसला होता. मंग वाटे, आठोन राह्यलं ते झूट आहे, मन बनवून राह्यलं. हात काही बोलेच ना. बडी गाडी काहून सोडली मी? लोकायच्या बोलन्यानं नाही सोडली. हातावरचा भरोसाच गेला होता माहा."

हे मला कधीच सुचलं नव्हतं. मला वाटायचं, मी त्यांचं नाव खाल्लं. नाव तर खाल्लंच. पण त्यांची आठवणसुद्धा मीच ढिली करून ठेवली होती.

मी माफी मागितली. त्यांनी ती ऐकली न ऐकल्यासारखी केली. म्हणाले, "मले सांगून काय होते? गजाननले सांगा. तो जिथं बसून माह्यं नाव घेते तिथं सांगा. सगळ्यायसमोर."

गजानन दरवर्षीप्रमाणे सुटीत आला. जेवताना तो खुर्चीवर, आम्ही खाली. बायको, मुक्ता, आमची बहीण, तिची माणसं. मी ताटावर हात ठेवून सांगितलं. या वेळी फोनचंही सांगितलं. बाहेर कुणाच्या तरी वावरात यंत्र चालू होतं. गजाननचा घास हातातच होता. तो म्हणाला, "दादा, फोन खिशात होता तुह्या?"

"होता."

त्यानं घास ताटात ठेवला. बोल्टाबद्दल त्यानं काहीच विचारलं नाही. अजूनही विचारलेलं नाही. हात धुऊन तो ओट्यावर जाऊन बसला, पाय लांब करून, जसा त्याला बसावा लागतो तसा. सकाळी चालत, त्या पायानं, हायवेपर्यंत गेला. दुपारी परत आला. तिथं काय बोलणं झालं ते मला दोघांपैकी कुणीच सांगितलं नाही, आणि विचारायचा हक्क मला नाही. माझ्याशी तो कामापुरतं बोलतो. परवा पुण्याला गेला तेव्हा स्टँडवर पोचवायला माझ्याऐवजी मुक्ताला घेऊन गेला.

मुक्ताही आठवडाभर माझ्याशी नीट बोलली नाही. गाडीचा विषयसुद्धा घरात बंद. तो त्रास गेला म्हणून मला हायसं वाटायला हवं होतं, वाटलं नाही. मग एक दिवस कळलं की ती कॉलेजातून येताना गॅरेजात थांबते, तार कशी पिळायची ते शिकते. युनूसभाई तिला म्हणाले म्हणे, पहिले गाडी तर आन, मंग पाहू, दोन भावायचं भांडन पुन्हा एकदा ऐकीन म्हणतो. हे तिनं मला नाही, आईला सांगितलं. मी शेजारच्या खोलीत वह्या तपासत होतो.

काल माझ्या गाडीचं तेल बदलायचं होतं. जाऊ की नको करत गेलो. युनूसभाईंनी रोजच्यासारखं पेपर अंथरला, गाडी डबल स्टँडवर चढवली, जुनं तेल काढलं, नवं टाकलं. मग खिळ्यावरच्या तारेकडं हात न नेता कटर उचललं. माझ्या गाडीच्या पोटाखाली सांगाड्याला गेल्या वेळच्या तारेचा तुकडा लोंबत होता, तो कचकन तोडला आणि डब्यात टाकला. बोल्ट नुसता बोटानं बसवलेला होता. पाना त्यांनी माझ्या हातात दिला.

मी विचारलं, "तार?"

"बाकीच्यायले बांधीन. चीज चांगली आहे, काहून सोडू?" ते म्हणाले. "तुमच्या गाडीले नाही. तुमचा बोल्ट तुमी कसा. आन रोज पाहत जा."

मी शाळेच्या पँटनिशी रस्त्याकडेला आडवा झालो. येणारे-जाणारे पाहत होते. आठवीतली दोन पोरं सायकली थांबवून उभी राहिली. पाना लावला, कसला, पुन्हा कसला. युनूसभाई वर उभे होते, खाली वाकून पाहिलंसुद्धा नाही.

आज सकाळी शाळेत निघताना गाडी काढली, चार पावलं नेली आणि थांबवली. डबल स्टँडवर चढवली. इस्त्रीच्या पँटनिशी गुडघे टेकले, पोटाखाली हात घातला. बोल्ट घट्ट होता. बोटांना तेल लागलं नाही, कुटार लागलं. बायको दारातून म्हणाली, शाळेला उशीर होऊन राह्यला. झाला.